दोनशे चौदा दिवस पलीकडे

बेटावर म्हातारं होणं फार महाग पडतं. कामावर असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण कामात दिवस सरतो आणि पगारात भाडं निघतं. मग एके दिवशी साहेब भाषण करतात, भिंतीवरचं घड्याळ भेट देतात, चार लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्याच महिन्यात माणसाला कळून चुकतं, की आपली पेन्शन ज्यानं ठरवली त्यानं हे बेट कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. इथं टोमॅटोसुद्धा बोटीनं येतो, आणि येताना तिकीट काढून येतो.

तिकीटमामांनी हे सगळं दारात उभं राहून पाहिलं होतं. अडतीस वर्षं ते बोटीच्या तोंडाशी तिकिटं तपासत होते, त्यामुळे निवृत्त होऊन बेट सोडणारा प्रत्येक जण त्यांच्या समोरूनच गेला. शाळेतल्या मोठ्या बाई गेल्या, दवाखान्यातली नर्स गेली, बेकरीवाला गेला. पलीकडे गेला, असं म्हणायची पद्धत होती. पलीकडे म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरचं शहर, बोटीनं पाऊण तास. पण हे सांगताना लोक आवाज असा काही खाली आणत, की नव्या माणसाला वाटावं बेकरीवाला वारला.

आपल्यावर ही वेळ येणार नाही असं मामांना का वाटत होतं कोण जाणे. बहुधा रोज लोकांना पोचवणाऱ्या माणसाला आपणही प्रवासी आहोत हे लक्षात राहत नसावं. धक्क्यामागच्या गल्लीत, रंगाच्या दुकानावर, दोन खोल्यांत ते आणि मामी तेहेतीस वर्षं राहत होते. घरमालक भला माणूस होता. तो गेला आणि त्याच्या मुलानं ती इमारत पलीकडच्या एकाला विकून टाकली. नवा मालक एकदाच आला. पाय न आपटता जिना चढला, खिडकीतून समुद्र पाहिला आणि गोड आवाजात म्हणाला, या खोल्या तो पाहुण्यांना दिवसाच्या भावानं देणार आहे. मामा आठ महिन्यांत जेवढं भाडं देत होते, तेवढं त्याला आठ दिवसांत मिळणार होतं. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, घाई नाही, असं तो म्हणाला. महिनाअखेर सव्वीस दिवसांवर होती.

"बाबा, तुम्ही दोघं सरळ इकडे या," लेक फोनवर म्हणाली. ती पलीकडे राहायची. नवरा, दोन मुलं आणि दोन खोल्या. "गॅलरी बंद करून घेतलीय. पलंग बसतो त्यात, मी मोजलंय."

लेकीचं मन मोठं होतं, गॅलरी लहान होती. पण खरी गोष्ट तीही नव्हती. मामा मंगळवारी आणि शुक्रवारी लेकीकडे जायचे तेव्हा चार तासांतच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. तिथल्या रस्त्यावर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. बेटावर शेंबड्या पोरापासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि पलीकडे ते नुसते वाटेत उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ होते. माणसाला शेवटची वर्षं ओळखीच्या लोकांत काढावीशी वाटतात, त्यात काही चूक नाही.

या मंगळवार-शुक्रवारच्या फेऱ्यांचं कारण भाजी. पेन्शनमध्ये बेटावरची भाजी परवडत नाही हे पहिल्याच महिन्यात उघड झालं. निवृत्त बोटवाल्यांना जन्मभर फुकट प्रवास होता. तेव्हा मामा दोन पिशव्या घेऊन पलीकडे जायचे, बटाटे, कांदे, तांदूळ, साबण आणायचे, लेकीच्या हातचं जेवायचे आणि चारच्या बोटीनं परत यायचे. मामी बंगल्यांचे पडदे शिवून द्यायच्या, त्यात दूध आणि औषधं निघायची. बंगले चाळीस होते. वर्षातून अकरा-बारा दिवस मालक यायचे, बाकी वर्षभर आत फक्त मामींचे पडदे राहायचे. ज्यांच्या खिडक्यांचं माप तोंडपाठ होतं, त्या घरांपैकी एकाचीही पायरी आपल्याला परवडत नाही, असं मामी हसत हसत म्हणायच्या. त्यांचं हसणं कधी कधी बरंच तिखट असे.

आता एकच आशा होती. बेटाच्या कचेरीनं टेकडीखाली अकरा खोल्या बांधल्या होत्या, जुन्या रहिवाशांसाठी. भाडं नावाला. अट अशी, की तीस वर्षं बेटावर राहिलेलं असावं आणि गेल्या वर्षात नव्वद दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं नसावं. अकरांपैकी एक खोली नुकतीच रिकामी झाली होती. मामांनी अर्ज भरला, सही केली, सहीखाली सवयीनं तारीख आणि वेळही घातली, आणि त्या दिवशी घरी येऊन पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावर मामींशी भांडण काढलं.

आठव्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. टेबलामागे कारकून ताई बसल्या होत्या. लहानपणी याच ताईंचं वय सातच्या जागी पाच सांगणाऱ्या आईकडून मामांनी अर्ध्या तिकिटाचे पैसे वसूल केले होते.

"मामा, बसा," ताई म्हणाल्या. बसा म्हणण्याची तऱ्हाच अशी होती, की मामा उभेच राहिले. "तुमचा अर्ज बसत नाहीये. तुम्ही बेटावर नाही आहात."

"मग हे कोण उभं आहे?"

"ते मला दिसतंय हो. मशीनला दिसत नाही." ताईंनी मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. अर्ज केलात त्याच्या दोनशे चौदा दिवस आधी तुम्ही बेटावरून बाहेर गेलात. आत आल्याची नोंदच नाही."

मामा आधी हसले. मग त्यांनी ती तारीख पाहिली. मामींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती ती.

इथं बोटीची एक पद्धत सांगायला हवी. प्रवासी पुढच्या रुंद फळीवरून चढतात. तिथं मशीन असतं. पास टेकवला की ते टुंग करतं आणि माणूस बाहेर गेला किंवा आत आला, हे कचेरीत उमटतं. बोटीवरची माणसं मात्र मागच्या बाजूला इंजिनापाशी एक अरुंद फळी टाकलेली असते, तिच्यावरून येतात-जातात. ती नोकरीवरची माणसं, त्यांची मोजदाद होत नाही. मामा अडतीस वर्षं त्याच फळीवरून चढले आणि निवृत्त झाल्यावरही त्याच फळीवरून चढत राहिले. पुढच्या फळीवरून पास टेकवून चढावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. स्वतःच्या घरात शिरताना कुणी बेल वाजवत नाही. तिकडे जाताना टुंग नाही, येताना टुंग नाही, त्यामुळे मशीनच्या लेखी ते घरातच बसून होते.

फक्त त्या एका दिवशी ते मामींचा हात धरून पुढच्या फळीवरून चढले, कारण मामींना मागची फळी जमणार नव्हती. टुंग, टुंग. दोघं बाहेर गेले. परतताना मामींच्या डोळ्यावर पट्टी होती. लेक सोबत आली होती, तिनं आईला हात धरून पुढून चढवलं. मामा सामान घेऊन मागून चढले. मामी आत आल्या. मामा अजून बाहेरच होते.

"एवढंच ना? पुसून टाका ती ओळ," मामा म्हणाले.

ताईंनी नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं, पण उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती, कारण त्या नियमाचा जनक समोरच उभा होता. बारा वर्षांपूर्वी बंगलेवाले रहिवासी म्हणून स्वस्तात प्रवास करायचे आणि आपण वर्षभर इथंच असतो असं माळ्यांकडून लिहून आणायचे. तेव्हा मामाच कचेरीत येऊन टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, की साक्षीबिक्षी काही मानू नका, माणूस कुठं आहे ते बोटीला ठाऊक असतं, बोटीची नोंद तेवढी खरी धरा. कचेरीनं ते शब्द जसेच्या तसे छापले होते.

"शेजारी सांगतील, दुकानदार सांगतील," ताई हळूच म्हणाल्या, "पण चालणार नाही. तुम्हीच तसं... म्हणजे नियमच तसा आहे. एक वाट आहे. त्या दिवशी बोटीवर जो तिकीट तपासनीस होता, त्यानं लिहून दिलं की मी यांना पास न टेकवता आत घेतलं, तर नोंद सुधारता येते."

"आणि मग त्याचं काय होतं?"

मामांना उत्तर माहीत होतं. पास न टेकवता माणूस आत घेतला तर नोकरी जाते. तेही मामांनीच सुचवलं होतं.

त्या दिवशी बोटीवर धाकटा होता. धाकटा म्हणजे बेचाळीस वर्षांचा, कानशिलं पांढरी झालेला, दोन मुलींचा बाप; पण मामांच्या हाताखाली लागला तेव्हा चिमणीएवढा होता, म्हणून नाव तेच राहिलं. संध्याकाळी शेवटची बोट लागल्यावर तो जिना चढून वर आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. गणवेशाची टोपी हातात घेऊन तो दारातच उभा राहिला.

"मामा, मी लिहून देतो."

"काय लिहून देतोस?"

"तुम्हाला मागच्या फळीवरून घेतलं म्हणून. एकदा नाही, आठवड्यातून दोनदा घेतलं. चूक माझी आहे. मी म्हणायला पाहिजे होतं, मामा, पुढून या."

"तू मला म्हणणार होतास?" मामा कडाडले. "मी तुला शिकवलं, आणि तू मला रांगेत उभं करणार होतास? जा घरी. आणि कचेरीकडे फिरकलास तर बघ."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची खोली नोकरीबरोबरची होती, पोरी बेटावरच्या शाळेत होत्या. नोकरी गेली की तोही पलीकडे. मामांनी त्याला खांद्याला धरून जिन्याकडे वळवलं आणि तो खाली उतरेपर्यंत दारात उभे राहिले.

मागे शिलाई मशीन थांबलं होतं.

"झालं?" मामी म्हणाल्या. "त्याचं घर राखलंत. आता आपलं?"

"अगं, त्याची नोकरी जाईल."

"आणि आपण? आपण गॅलरीत निजायचं? जन्मभर तुमचा नियम, तुमची शिस्त. लेकीच्या लग्नात नवरदेवाकडून बाहेरच्या भावानं तिकीट घेतलंत तुम्ही! वऱ्हाडी हसत होते, जावई अजून टोमणे मारतो, मी काही बोलले? नाही बोलले. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. आणि आता तोच नियम आपल्या मानगुटीवर बसला तर तुम्ही मला सांगता, त्याची नोकरी जाईल!"

"मग काय करू? त्याला बुडवू?"

"ते मी कधी म्हटलं?" मामींचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही त्याला बुडवलं असतंत तर मी तुमच्याशी बोलले नसते. पण राग यायचा तो येतोच की. आला राग मला. येऊ दे."

त्यांनी पडद्याची उरलेली शिवण घातली, दोरा दातानं तोडला आणि कपाटावरून नियमांचं पुस्तक काढून घेतलं. मामांनी ती प्रत बारा वर्षं कव्हर घालून जपली होती. आजवर मामींनी तिला फक्त फडका मारला होता. ऑपरेशन झालेला डोळा पुस्तकाजवळ नेऊन त्या वाचत बसल्या, आणि काय वाचताय म्हणून मामांनी दोनदा विचारलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

सुनावणी सोमवारी सकाळी होती. कचेरीच्या लांब टेबलाशी अध्यक्षबाई बसल्या होत्या. एरवी त्या धक्क्यावरचं चहाचं दुकान चालवायच्या. शेजारी ताई. मागच्या बाकावर बंगलेवाल्यांचा वकील मांडीवर फाईल घेऊन बसला होता. तो प्रत्येक सुनावणीला यायचा. कचेरीनं कुणाला तोंडाच्या शब्दावर सूट दिली, की त्याला त्याच सवलतीचे चाळीस अर्ज टाकायचे होते. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मामा," त्या म्हणाल्या, "नोंद सांगते तुम्ही दोनशे चौदा दिवस पलीकडे आहात. आज दोनशे सव्वीस झाले, पण अर्जाच्या दिवशी दोनशे चौदा होते, तेच धरू. आता दोनांतलं एक खरं असणार. एक तर तुम्ही खरंच पलीकडे होतात, नाही तर कुणीतरी तुम्हाला पास न टेकवता आत घेतलं. कुणी घेतलं?"

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. दहाची बोट सुटायच्या तयारीत होती. पुढच्या फळीशी धाकटा उभा होता, आणि त्याचं सगळं लक्ष कचेरीच्या खिडकीकडे होतं. तिकिटांकडे लक्ष दे गाढवा, असं मामांच्या अगदी ओठांवर आलं.

अडतीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. लोक त्यांना त्यासाठी नावं ठेवायचे आणि त्याच कारणानं मानायचेही. त्यांच्याजवळ दुसरं काही जमलेलं नव्हतं. घर नाही, जमीन नाही, फक्त हे एक. ते आता द्यावं लागणार होतं, आणि देताना त्यांना वाटलं होतं त्याहून फार जास्त दुखलं.

"मी पलीकडे होतो," मामा म्हणाले.

वकिलाचं पेन थांबलं.

"मामा, नीट विचार करून बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"केलाय. लेकीकडे होतो. दोनशे चौदा दिवस."

"असं? मग रोज सकाळी साडेसातला माझ्या दुकानात बिनसाखरेचा चहा पिऊन, तो पाणचट आहे असं मला कोण सांगतं?"

"असेल कुणी माझ्यासारखा दिसणारा."

"आणि परवा माझ्या गल्ल्यातल्या सुट्ट्या पैशांवरून..."

"बाई, मला माहीत नाही. मी इथं नव्हतो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं बराच वेळ पुसला. मग त्यांनी ताईंना लिहायला सांगितलं. ताईंनी लिहिलं, मामांनी सही केली. तारीख आणि वेळ मात्र घातली नाही. पेन ठेवलं आणि हात खिशात घातला.

"मग अर्ज नामंजूर करावा लागेल," अध्यक्षबाई कशाबशा म्हणाल्या.

"थांबा," मामी उठल्या. "मला बोलायचंय."

मामा दचकले. मामी कचेरीत बोलतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. मामींनी पिशवीतून कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. त्यात शिवणाच्या टाचण्या खुणेला लावलेल्या होत्या.

"यांनी आता लिहून दिलं ना, की हे बाहेर होते?"

"दिलं."

"मग नियम सातवा वाचा. नव्वद दिवसांवर बाहेर राहिलेल्या माणसाचं नाव कुटुंबातून वगळावं, आणि कुटुंबाचा चालू असलेला अर्ज मागे राहिलेल्या रहिवाशाच्या नावानं धरावा. मागे कोण राहिलं? मी राहिले. माझं टुंग बाहेर आहे, माझं टुंग आत आहे. छत्तीस वर्षं मी इथं आहे. बघा तुमच्या मशीनमध्ये."

ताईंनी मशीनमध्ये पाहिलं. मामींची नोंद आरशासारखी स्वच्छ होती.

वकील उठू लागला. "पण हे सरळ सरळ..."

"तुम्ही बसा हो," मामी त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला काय ठाऊक? नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बायकोला टाकून हा माणूस लेकीकडे जाऊन बसला. दोनशे चौदा दिवस मी एकटीनं काढले. पाणी मी भरलं, गॅसची टाकी मी चढवली. एका शब्दानं विचारलं नाही यांनी, की बाई, तू जेवलीस का. जन्मभर नियम आणि नियम! घरात बायको आहे हे कधी मोजलं यांनी?"

त्यांचा आवाज चढला आणि डोळ्यांतून खरंच पाणी आलं. त्यातलं किती नाटक आणि किती छत्तीस वर्षांचं साठलेलं, हे मामांना कळेना. ते मान खाली घालून उभे राहिले. शरम वाटत होती, आणि शरमेच्या तळाशी या बाईचा इतका अभिमान वाटत होता की हसू आवरेना.

वकिलानं नियम सातवा दोनदा वाचला. सवलत कुठेच मागितलेली नव्हती, तोंडाचा शब्दही नव्हता. होती ती बोटीची नोंद आणि सही केलेला कागद. त्यानं फाईल मिटली.

खोली मामींच्या नावानं मंजूर झाली. अध्यक्षबाईंनी शिक्का इतक्या जोरात मारला, की टेबलावरची पेनं उडाली.

"आता या गृहस्थांचं," त्या मग घसा साफ करून म्हणाल्या. "हे आता बाहेरचे. खोलीत पाहुणा म्हणून राहायला हरकत नाही. पण रहिवासी पास रद्द, फुकट प्रवास रद्द. वर्षभर बाहेरच्यासारखं तिकीट काढायचं, प्रत्येक वेळी नोंद करायची, मग पुन्हा अर्ज. आणि पाहुणा आत आल्याची नोंद लागते, म्हणजे आधी पलीकडून बोटीनं यावं लागेल. मामा, कबूल?"

"नियमच आहे," मामा म्हणाले.

नोंदीत ते पलीकडेच होते, त्यामुळे बोटीनं जाता येत नव्हतं; दुपारी मामींच्या मामेभावानं मासे विकायला जाताना त्यांना आपल्या होडीतून पलीकडे नेलं. रात्री ते लेकीच्या गॅलरीत निजले. पलंग खरोखरच बसला होता, लेकीनं बरोबर मोजलं होतं. तिनं नवी चादर घातली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता. सगळी हकिगत ऐकून ती हसली, आणि मग थोडी रडली. गॅलरी तिनं मनापासून बंद करून घेतली होती. "मंगळवारी-शुक्रवारी येतच राहीन," मामा म्हणाले. "तिकीट चौपट आहे बाबा," ती म्हणाली. मामा म्हणाले, मग एक दिवस येईन आणि रात्री राहीन. त्यावर तिनं मान डोलावली.

सकाळी ते पहिल्या बोटीला धक्क्यावर आले. पाय सवयीनं मागच्या फळीकडे निघाले होते. अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले आणि पुढच्या रांगेत, बॅगा घेतलेल्या प्रवाशांच्या मागे जाऊन उभे राहिले. रांगेत उभं राहिल्यावर किती हळू सरकते ती, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. इंजिनवाल्यानं मागून हात केला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

फळीशी धाकटा होता. मामांना पाहून त्याच्या हातातला तिकिटांचा गठ्ठा निसटता निसटता राहिला.

"बाहेरचं एक," मामा म्हणाले आणि मोजून आणलेले पैसे पुढे केले.

"मामा, मी तुमच्याकडून पैसे..."

"मागे रांग आहे."

धाकट्यानं पैसे घेतले. बाहेरच्या प्रवाशाला दोन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहायची असतात. ते विचारल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही, हे त्याला मामांनीच घोटून शिकवलं होतं. तो नुसताच पेन धरून उभा राहिला.

"विचार," मामा हलकेच म्हणाले. "विचारल्याशिवाय सोडू नकोस कुणाला."

धाकट्यानं वही उघडली. "बेटावर कुणाकडे उतरणार?"

"बायकोकडे."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. धाकट्यानं ते लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"किती दिवस?"

मामांनी समोर पाहिलं. पाण्यापलीकडे बेट सकाळच्या उन्हात उजळलं होतं, आणि टेकडीखालच्या अकरा खोल्या इथून दिसत नसल्या तरी त्या कुठे आहेत ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"ती ठेवील तितके दिवस," ते म्हणाले. "तसंच लिही."

धाकट्यानं तसंच लिहिलं, तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं, आणि मामा त्यावरची तारीख तपासून पुढच्या फळीवरून बोटीत चढले.